एका पाकिटाचे किती पत्रे?

बँकेला न विचारता तुम्ही शेवटचे पैसे कधी बदललेत? आणि त्या वेळचा दर कुणी ठरवला होता?

मी माझं सांगते. अमेरिकेत आले त्याच आठवड्यात. खोलीचं डिपॉझिट भरायचं होतं आणि माझं इथलं खातं उघडलेलं नव्हतं. एका सीनियर मुलीने तिच्या खात्यातून डॉलर भरले. त्याच दिवशी बाबा इचलकरंजीहून मोटरसायकलवर कोल्हापूरला गेले, तिच्या आत्याच्या हातात रुपयांचं पाकीट ठेवलं, पोहे खाल्ले आणि परत आले. दर कोणता? बँकेचा तर नव्हेच. फोनवर दिसतो तो, त्यातले वरचे सुटे पैसे सोडून, कारण सुटे मागितले तर बरं दिसलं नसतं. इथे शिकायला आलेल्या माझ्या ओळखीतल्या बहुतेक मराठी मुलामुलींनी असं एकदा तरी केलेलं आहे. तरीही त्यांना दर म्हणजे काय असं विचारलं तर ते बँकेकडे बोट दाखवतील. मीसुद्धा दाखवलं असतं. हे लिहायला घेतलं ते त्यासाठीच.

मी पत्रकांवर वाढले. आई-बाबा दोघंही यंत्रमाग कामगारांच्या संघटनेत. आमच्या घरी वर्तमानपत्र उशिरा यायचं, पत्रकं आधी. छापखान्यातून गठ्ठा यायचा, गुलाबी, पिवळा, कधी पोपटी, जो कागद स्वस्त मिळेल तो. जेवणं झाली की सगळे मांडी घालून घड्या घालायला बसायचे. अक्षरं मी त्यांच्यावरच गिरवली. माझा 'क' कमळाचा नव्हता, कामगाराचा होता. पाठकोऱ्या बाजूवर माझी गणितं, आईची वाण्याची यादी, बाबांच्या भाषणांचे मुद्दे. आणि प्रत्येक पत्रकाचा घाट एकच: वर ठसठशीत मथळा, मग अन्याय, मग तो करणारा मालक, मग मागण्या एक ते पाच, खाली 'आपले नम्र'. जगातलं कुठलंही दुःख त्या एका पानात बसतं अशी माझी समजूत झाली. ती अजून पुरती गेलेली नाही.

शिकागोजवळच्या नेपरव्हिलला मी ज्या काका-काकूंच्या तळघरात भाड्याने राहते, त्यांच्या फ्रिजवर आजवर माझी तीन पत्रकं लागून गेली. पहिलं भांडी घासण्याच्या विषम वाटणीबद्दल. दुसरं हीटर कमी ठेवण्याच्या काकांच्या एकतर्फी धोरणाबद्दल. त्याला काकांनी थर्मोस्टॅटला कुलूप लावून उत्तर दिलं. तिसरं त्या कुलपाबद्दल. तिसऱ्याखाली त्यांच्या शाळकरी मुलीने पेनने एक अंगठा काढला होता. माझ्या सार्वजनिक जीवनातला तो पहिला पाठिंबा.

शिकते मी अर्थशास्त्र, शिकागोला, आणि फी भागावी म्हणून एका प्राध्यापक बाईंचे तक्ते भरते. गेल्या हिवाळ्यात त्यांनी मला दोन शिलिंग दिले. म्हणजे दोन देशांचे शिलिंग: केनियाचा आणि शेजारच्या टांझानियाचा. महिन्यामहिन्याने, एकाला दुसऱ्याचे किती मिळत होते, तेवढंच शोधून भरायचं. वाटलं त्याहून मी त्यात गुंतत गेले. साठच्या दशकाच्या सुरुवातीला ते दोघं वेगळे नव्हतेच. पूर्व आफ्रिकेचा एकच शिलिंग होता. मग देश वेगळे झाले, नोटा वेगळ्या झाल्या, तरी काही वर्षं एकाला एकच मिळत राहिला. मग वाटा फुटल्या. आज केनियाच्या एका शिलिंगला टांझानियाचे वीसच्या आसपास मिळतात. आधी वर्षानुवर्षं एकाला एक, मग हळूच सरकलेला आकडा, मग मोठी उडी. तक्ता भरताना दोन भावंडांमधला दुरावा वाचल्यासारखं वाटायचं.

एक गोष्ट मात्र खटकायची. या दोघांमधला थेट दर जुन्या कागदांत सहसा सापडतच नाही. याचा डॉलरशी दर घ्यायचा, त्याचा डॉलरशी घ्यायचा आणि भागायचं. एका बांधाच्या दोन बाजूंना राहणारी माणसं, रोज एकमेकांकडून कांदे घेणारी, आणि नोंदीत बघावं तर दोघंही फक्त अमेरिकेशी बोलतात. त्यातही ऐंशीच्या दशकाच्या मध्यापर्यंतचा टांझानियाचा सरकारी दर पुस्तकात ऐटीत उभा, फारसा हलायला तयार नाही. आणि त्याच काळाबद्दल वाचावं तर दुकानात साबण नाही, साखर नाही. मी शेऱ्याच्या रकान्यात लिहून टाकलं, 'हा दर निर्लज्जपणे खोटा आहे.' बाईंचं उत्तर आलं, 'शक्य आहे. क्रियाविशेषण काढा आणि खरा दर आणा.'

खरा दर आमच्या स्वयंपाकघरातच होता.

काकांचे वडील, म्हणजे आमचे आजोबा, यांना उठवायला-बसवायला मंगळवार, गुरुवार आणि शनिवारी एक बाई येतात. मी त्यांना मावशी म्हणते. साठीच्या बाईला नावाने हाक मारायला माझी जीभ वळत नाही. या शब्दाचा अर्थ सांगितला तेव्हा त्यांना तो पटला; त्यांच्याकडेही आईच्या बहिणीला धाकटी आईच म्हणतात. त्या टांझानियाच्या उत्तरेकडच्या, सीमेपासून तासभर चालत जाता येईल अशा गावच्या. आमचं बोलणं इंग्रजीत व्हायचं, दोघींचंही आपापल्या गावचं इंग्रजी. इथे मी ते मराठीत देते आहे.

मी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसले होते आणि मावशी आजोबांची पेज ढवळत होत्या. पातेलं उतरवून त्या माझ्या मागे आल्या आणि एका ओळीवर बोट ठेवून हे काय म्हणून विचारलं. मी सांगितलं, तुमच्याकडचा त्या वर्षीचा दर.

त्या खुर्ची धरून हसायला लागल्या. "या दराने पैसे बदलून आणले असते तर आईने मला घरात घेतलं नसतं."

मग त्यांनी जे सांगितलं ते असं. सीमा काही वर्षं बंद होती. ती उघडल्यावर एकोणीस वर्षांच्या मावशी नैरोबीला गेल्या आणि शाळेचे गणवेश शिवणाऱ्या एका कारखान्यात लागल्या. दोन-तीन महिन्यांनी केनियाच्या शिलिंगचं एक पाकीट ओळखीच्या बस ड्रायव्हरबरोबर सीमेवरच्या बाजारात पोचवायच्या. तिथे दोन्ही देशांच्या बायका कांदे आणि घेवडा घेऊन बसायच्या. बँक म्हणजे त्या कांदेवाल्या बायकांच्या कमरेच्या पिशव्या. सकाळी कांद्याचा भाव ठरला की शिलिंगचाही ठरायचा, आणि तो सरकारी दराच्या दुपटीच्या वर असायचा, कधी तिपटीला टेकायचा.

हे बेकायदा होतं का, असं मी विचारलं. आवाजातला आनंद मला लपवता आला नाही.

"बेकायदा होतं, म्हणून तर पैसे नीट मिळत होते," मावशी म्हणाल्या.

त्यांची आई मिळालेले पैसे एक रात्रसुद्धा घरात ठेवायची नाही. आज असलेली किंमत उद्या असेल याचा भरवसा नव्हता. ती बाजारातूनच छपराचे पत्रे घेऊन निघायची. मग लेकीला चिठ्ठी यायची, पाकीट मिळालं, इतके पत्रे आले. एकदा दार आलं. एकदा सिमेंट. असं करत करत घर झालं.

इथवर मी फक्त खूश होते. मग मावशींनी पेज वाटीत काढली आणि पुढचं सांगितलं.

आई मागच्या वर्षी गेली. घर बंद आहे. मावशींचा धाकटा भाऊ ट्रॉयला, मिशिगनमध्ये, गाड्यांच्या कंपनीत इंजिनिअर आहे. त्याला घर विकायचंय आणि घेणारं गिऱ्हाईकही तयार आहे. भाऊ वाईट नाही, उलट न्यायाने वागायचं म्हणून त्याने कुणी किती घातले याचा हिशोब मांडला. त्याने नंतर पाठवलेले डॉलर, त्यातून झालेला व्हरांडा, पाण्याची टाकी, वीज. आणि ताईचे जुने शिलिंग, त्या त्या वर्षीच्या दराने.

"त्या हिशोबाप्रमाणे माझ्या वाट्याला न्हाणीघर येतं," मावशी म्हणाल्या. "आणि एक भिंत. भिंत बहुतेक अर्धी."

त्यांचे गुडघे अजून दोन वर्षं काढतील, फार तर तीन. त्यानंतर त्यांना शेजारच्या ऑरोरा गावात तिघींनी मिळून भाड्याने घेतलेल्या घरात राहायचं नव्हतं. गावी जाऊन त्या पुढच्या खोलीत बसायचं होतं. वाटा मोठा निघाला तर भावाचा उरलेला भाग हप्त्याहप्त्याने घेता आला असता. न्हाणीघर आणि अर्ध्या भिंतीवर ते शक्य नव्हतं. म्हणजे एका जुन्या दरावर हे ठरणार होतं की ही बाई म्हातारी कुठे होणार.

भावाने दर कुठून घेतला ते मी विचारलं. ज्या यादीतून मी तक्ता भरत होते, त्याच यादीतून.

मग त्याला सांगा ना दर खोटा आहे म्हणून, मी म्हटलं. सांगून झालं होतं. कागद असेल तर दाखव, असं तो म्हणाला होता. चिठ्ठ्या आहेत का? होत्या, सगळ्या, बिस्किटांच्या डब्यात. मग दाखवा की.

"नाही." मावशींनी हात पुसले. "त्या त्यानेच लिहिल्यात. आईला लिहिता येत नव्हतं. ती सांगायची, तो लिहायचा. नऊ वर्षांचा होता. आता त्याच्याच लहानपणच्या अक्षराने त्याला खोटं पाडू? माझ्याच्याने होणार नाही."

मी समजल्यासारखी मान हलवली. मला काडीचंही समजलेलं नव्हतं.

पुढच्या शनिवारी भाऊ ट्रॉयहून बोलणी करायला येणार होता. मावशींची पाळी आमच्याकडे आणि बदली कुणी मिळेना, म्हणून काकूंनीच सुचवलं की आजोबा दुपारी झोपतात तेव्हा इथेच बसा, मी जेवायलाच करते. माझ्या हातात चार दिवस होते. चार दिवसांत माझ्यासारखी मुलगी काय करेल, ते तुम्ही ओळखलं असेल.

मी दुकानात जाऊन मुद्दाम पिवळा कागद आणला. मथळा दिला, 'दोन शिलिंगांचं सत्य आणि एका बहिणीचं छप्पर'. इंग्रजीत होतं, पण ठसका इचलकरंजीचा. सरकारी दराचा फोलपणा एका परिच्छेदात, सीमेवरच्या बायकांचं शहाणपण दुसऱ्यात, आणि मग अन्याय करणारा. मागण्या पाच. तिसरी मागणी: बिस्किटांच्या डब्यातल्या मूळ चिठ्ठ्या पुरावा म्हणून मान्य करण्यात याव्यात.

काकूंनी प्रिंटरमधून पहिली प्रत उचलली आणि चष्मा लावून वाचली. "अगं, हे त्यांना दाखवलंस का?"

मी म्हटलं, सरप्राइज आहे.

"फॅमिली मॅटरमध्ये कसलं सरप्राइज? कॅन्सल कर ते. आधी विचार त्यांना."

काकूंची राजकीय समज बेताची आहे असं मी मनात म्हटलं आणि आणखी पाच प्रती काढल्या.

शनिवारी सकाळपासून बर्फ पडत होता. भाऊ पाच तास ड्राइव्ह करून आला तरी वेळेच्या दहा मिनिटं आधी. उंच, हळू बोलणारा, हातात चेरीच्या मुरंब्याची बरणी. कुणी न सांगता त्याने दारात बूट काढले आणि मावशींच्या बुटांशेजारी ओळीत लावले. मी त्याला सवयीने काका म्हटलं तर दोघं बहीण-भाऊ एकदम हसले. त्यांच्या भाषेत काका म्हणजे भाऊ. मावशींनी मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा केला होता, आपल्या उकडीच्या जातीचा, आणि काकूंनी कोलार्ड या इथल्या जाडसर पालेभाजीची डाळ घालून पातळ भाजी. दोन्ही एकमेकांना इतकं साजून दिसलं की काकूंनी तिथेच कृती लिहून घेतली. जेवताना गुडघे, टायर आणि मिशिगनचे खड्डे यांवर बोलणं झालं. सगळं छान चाललं होतं, हे मला आता दिसतं.

ताटं उचलल्यावर त्याने लॅपटॉप उघडला. त्याचा तक्ता माझ्या तक्त्यापेक्षा नीटनेटका होता, हे कबूल केलंच पाहिजे. प्रत्येक दराखाली तो कुठून घेतला त्याची टीप होती. तो ताईला सावकाश, एकेक वर्ष करून समजावायला लागला आणि मावशी मान खाली घालून ऐकत होत्या. तेव्हा मी उठले आणि सगळ्यांपुढे एकेक पिवळा कागद ठेवला.

वाचूनही दाखवला. "एकीकडे आपल्या घामाचे शिलिंग धाडणारी कष्टकरी बहीण, दुसरीकडे सरकारी आकड्यांच्या आडोशाला बसलेला नफेखोर वारस" हे वाक्य मी विशेष जोर देऊन म्हटलं. तो माणूस शेवटपर्यंत ऐकत राहिला. ऐकता ऐकता त्याचं बोट कागदावरून खाली सरकत होतं. तिसऱ्या मागणीवर ते थांबलं आणि तिथेच राहिलं. माझं संपल्यावर त्याने कागदाची चार पदरी घडी घातली, अगदी आम्ही घालायचो तशी, आणि खिशात ठेवली.

"ताई, मी निघतो," तो म्हणाला. "नंतर रस्ता आणखी बिघडेल."

त्याने बूट घातले, कोट घातला आणि दार ओढून घेतलं. काकू उगीचच ओटा पुसायला लागल्या. मला वाटलं मावशी आता माझ्यावर ओरडतील. त्या ओरडल्या नाहीत.

"तू माझ्या भावाला मालक केलंस," त्या म्हणाल्या. "मला घर हवं होतं. भाऊ नको झाला नव्हता."

मी आयुष्यात पुष्कळ ठिकाणी चुकले आहे, पण बरोबर असताना इतकी चुकलेली मला आठवत नाही. दर खोटाच होता. बहिणीवर अन्याय होतच होता. पण मला येत होतं ते एकच पान, आणि त्या पानात माणसांना बसायला दोनच जागा. जो इकडच्या जागेवर नाही त्याला मी तिकडच्या जागेवर ढकललं होतं. आणि जी गोष्ट मावशींनी मला पेज ढवळता ढवळता विश्वासाने सांगितली होती, तिला मी क्रमांक दिला होता. तीन.

त्याला जाताही येईना. आम्ही जेवत असताना बर्फ काढणारी गाडी रस्त्यावरून गेली होती आणि आमच्या ड्राइव्हवेच्या तोंडाशी कमरेएवढा ढीग लावून गेली होती. तो माणूस गाडीतल्या लहानशा फावड्याने त्याच्याशी झटत होता. मी गॅरेजमधून मोठं फावडं घेतलं आणि शेजारी उभी राहून उपसायला लागले. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. नेपरव्हिलचा तो बर्फ वरून कापसासारखा दिसतो, पण गाडीने दाबलेला असला की विटा उचलाव्या लागतात. दहा मिनिटं आम्ही दोघं विटा उचलत होतो.

मग त्याने विचारलं, "चिठ्ठ्या खरंच आहेत?"

उत्तर माझ्या ओठांवर होतं. किती चिठ्ठ्या, कुठला डबा, कोण काय म्हणालं, सगळं. ते सगळं मी गिळलं. "ते मी बोलायलाच नको होतं," मी म्हटलं. "त्यांना विचारा."

त्याने आणखी दोन-तीन फावडी बर्फ काढला. मग फावड्यावर रेलला. "मला वाटत होतं, घरं बदलताना हरवल्या." कोटावरचा बर्फ झटकत म्हणाला, "आई मला पैशाचा आकडा लिहू द्यायची नाही. वाटेत कुणी चिठ्ठी वाचली तर पंचाईत. म्हणायची, पत्रे लिही. किती पत्रे आले ते लिही, ताईला कळतं."

त्याने अर्ध्या मोकळ्या झालेल्या ड्राइव्हवेकडे पाहिलं आणि तो हसला. पण मला नव्हे, स्वतःलाच.

"मी दोन महिने दर शोधत होतो," तो म्हणाला. "आणि दर मीच लिहीत होतो."

फावडं ढिगात खोचून तो आत गेला. मी बाहेर दोन मिनिटं जास्त काढली. आत जाण्याची हिंमत गोळा करायला तेवढी लागली.

डबा शोधावा लागलाच नाही. तो मावशींच्या पिशवीत होता. भावाच्या प्रत्येक भेटीला त्या तो बरोबर नेत होत्या आणि न उघडता परत आणत होत्या. मी आत आले तेव्हा तो टेबलावर उघडा होता, आणि पन्नाशीचा तो इंजिनिअर वहीच्या कागदावरचं स्वतःचं वेडंवाकडं अक्षर नाकाजवळ धरून वाचत होता. आधी त्यांच्या भाषेत, मग आमच्यासाठी इंग्रजीत. पाकीट मिळालं, नऊ पत्रे आले. पाकीट मिळालं, शेळी आजारी आहे, सात पत्रे. पाकीट मिळालं, दार आलं, निळं आहे. एका चिठ्ठीखाली आईने न सांगितलेला मजकूर होता. तो वाचताना त्याचा आवाज बारीक झाला: "ताई, आई म्हणते बारा आले. मी मोजले. अकराच आहेत. एक मामाने नेला."

"तेव्हापासून असाच आहे हा," मावशी मला म्हणाल्या. म्हणजे माझ्याशी बोलणं चालू होतं.

"पण नेलाच होता मामाने," तो म्हणाला.

"त्याने तो कोंबड्यांवर घातला. कोंबड्या आपल्याच होत्या."

"हिशोबात वेगळा दाखवायला हवा होता."

मामाच्या त्या एका पत्र्यावरून पाऊण तास भांडण झालं. मला ते शब्दशः देता येणार नाही, कारण ते त्यांच्या भाषेत होतं. पण ते संपेपर्यंत दोघंही एका बाजूला झाले होते आणि मामा दुसऱ्या. काकूंनी मधे चहा ठेवला. आजोबा उठले, कुणी भांडतंय का म्हणून विचारलं, आणि नाही असं कळल्यावर थोडे खट्टू झाले.

मग त्याने लॅपटॉप ओढला आणि जुन्या दरांच्या रकान्याशेजारी एक नवा रकाना घातला. मथळा दिला, 'आई'. त्यात शिलिंग नव्हते. पत्रे होते, एक दार, सिमेंटच्या गोण्या. मूळ घराच्या छपराला चव्वेचाळीस पत्रे आहेत हे त्याला पाठ होतं, कारण मागे दुरुस्ती त्यानेच करवून घेतली होती. चिठ्ठ्यांची बेरीज सदतीस झाली, मामाचा एक वजा करून. उरलेल्या सात पत्र्यांसाठी त्याने वेगळी ओळ घातली नाही.

"मूळ घर ताईचं," तो शेवटी म्हणाला. "व्हरांडा, टाकी, वीज माझी." विकायचं की नाही हे आता ताई ठरवेल आणि गिऱ्हाइकाला तो तसं कळवेल. पण त्याच्याही मुलीच्या कॉलेजची फी समोर होती, तो काही सगळं सोडून देण्याच्या स्थितीत नव्हता, आणि हे त्याने लाजत का होईना सांगितलं. "माझ्या भागाचे पैसे मला सावकाश दे."

"देईन की," मावशी म्हणाल्या. चहाचा कप खाली ठेवला. "कुठल्या दराने?"

तो इतका हसला की त्याला चष्मा काढावा लागला.

त्या दिवशी तो ट्रॉयला गेलाच नाही. रस्ता खरोखरच बिघडला होता. उरलेला ड्राइव्हवे मी एकटीने साफ केला. कुणी सांगितलं नव्हतं.

मंगळवारी मावशी आल्यावर मी माफी मागितली, तोंडी, काहीही न छापता. त्यांनी ऐकून घेतलं आणि आजोबांचे मोजे शोधायला लावलं. मग मी विचारलं की चिठ्ठ्यांतले आकडे मला बाईंच्या तक्त्यात घालता येतील का. त्यांनी दोन दिवस घेतले, भावाला फोन केला, आणि गुरुवारी अट सांगितली: गावाचं नाव नाही, भावाचं नाही, आणि मामाचा तर उल्लेखही नाही. मी तसंच केलं. सरकारी दराच्या शेजारी एक अरुंद रकाना, खाली टीप, 'सीमेवरच्या बाजारात, छपराच्या पत्र्यांत. एका कुटुंबाच्या चिठ्ठ्यांवरून, त्यांच्या संमतीने.' बाईंचं उत्तर एका ओळीत आलं, क्रियाविशेषणाशिवाय बरं लिहिता असं. पिवळ्या कागदाच्या उरलेल्या प्रती मी फेकायला निघाले तर मावशींनी काढून घेतल्या. कागद चांगला आहे म्हणाल्या. त्यांच्या कोऱ्या पाठीवर आजोबांच्या गोळ्यांचं वेळापत्रक लिहून त्यांनी फ्रिजवर लावलं. फ्रिजवर महिनाभर टिकलेलं माझं ते पहिलं पत्रक, उलट्या बाजूने.

आता तुमच्याकडे मागणी. पाच नाहीत, एकच आहे. तुमच्या घरात कुणीतरी कधीतरी दूरवरून पैसे पाठवले असतील किंवा घेतले असतील. दुबईहून, मुंबईहून, इथून, कुठूनही. आज त्यांना फोन करा. किती आले ते विचारू नका, बँकेचा दर तर मुळीच नको. त्या पैशांत काय आलं ते विचारा. सायकल, फी, खिडकीची दारं, जे सांगतील ते त्यांच्याच शब्दांत कागदावर उतरवा आणि वर तारीख घाला. आणि तो कागद दुसऱ्या कुणालाही दाखवण्याआधी त्यांना विचारा.